गाण्यांचा जुना प्लेयर बिघडला? थांब जरा
अरे लगेच नवीन घ्यायला धावू नकोस. तुझा अ‍ॅपलचा आयपॉड क्लासिक असेल ना, तर त्यात गाणी साठवणारी छोटी हार्ड डिस्क फिरते, कानाला लावून बघ, टिकटिक येत असेल तर बहुतेक तीच गेलीय, तिच्या जागी अ‍ॅडाप्टर लावून एसडी कार्ड, म्हणजे छोटं मेमरी कार्ड, बसतं, माझा तसाच चालतोय. बॅटरी फुगली असेल तर मात्र स्वतः उचकटायच्या भानगडीत पडू नको. नवा कोरा आयपॉड विसर, अ‍ॅपलने २०२२ मध्येच बंद केला. दुसऱ्या कंपनीचा घेतलास तर कार्डाचा स्लॉट नि खरी बटणं बघ, खिशातल्या खिशात अंगठ्याने गाणं बदलता आलं पाहिजे, टचस्क्रीनवर कसलं जमतंय ते! आणि जुना चालू होईल तेव्हा त्यातली गाणी आधी कॉम्प्युटरवर काढ, मी आळस केला, अजून हळहळतो.