टक्का लिहिलास, आता कारण लिही

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियात क्यूएमई, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला तपासून त्याच्या अपंगत्वाचा त्रयस्थ रिपोर्ट देणारा डॉक्टर, व्हायचं ठरवलंस, छान झालं. परीक्षेबद्दल विचारलंयस, पण त्यावर फार लिहीत नाही. अभ्यास केलास की पास होशील. रिपोर्ट लिहिण्याचा कोर्स सक्तीचा आहे, नेमणूक दोन वर्षांची असते, बाकी सगळं या नेमणुका करणाऱ्या राज्याच्या मेडिकल युनिटच्या कागदांत आहे.

मला काळजी आहे ती तुझ्या सवयीची. सिव्हिलमध्ये आपण अपंगत्वाची सर्टिफिकेटं कशी द्यायचो आठव. टक्का, सही, शिक्का, पुढचा. शिवाय आपल्याकडच्या १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, असं छापलेलंच होतं. इथेही आकडा पुस्तकातूनच काढायचा असतो, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेच्या पाचव्या आवृत्तीतून. सहावी कधीच आली, पण इथला कायदा पाचवीवर आहे, तेव्हा पाचवीच घे. फक्त आकडा काढला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

समजा द्राक्षाच्या मळ्यातला पन्नाशीचा कामगार आला. पाठ कामावर दुखावली, एमआरआयमध्ये मणक्यांची झीजही दिसते. इथल्या कामगार कायद्याच्या कलम ४६६३ प्रमाणे कायमच्या अपंगत्वातला किती वाटा कामाच्या इजेचा आणि किती इतर कारणांचा, हे तुला सांगावं लागतं. नवखा डॉक्टर ‘निम्मा झिजेमुळे’ असं लिहून मोकळा होतो. कामगार भरपाईची अपिलं ऐकणाऱ्या अपील्स बोर्डाने २००५ सालीच स्पष्ट केलंय की एवढं पुरत नाही. ती झीज आज अपंगत्वाला कशी आणि का कारणीभूत आहे, आणि वाटा निम्माच का, हे लिहिलं पाहिजे. इजेच्या आधी तो पूर्ण काम करत होता का? पाठीसाठी कधी डॉक्टरकडे गेला होता का? जुन्या कागदांत काय आहे? झीज तर त्या वयात कित्येकांच्या एमआरआयमध्ये दिसते आणि त्यांची पाठ दुखतही नाही. कारण सापडलं नाही तर वाटा कापू नकोस. तुझ्या त्या एका ओळीवर त्याची निम्मी भरपाई जाते, आणि ती ओळ वाचणारा न्यायाधीश डॉक्टर नसतो.

तो माणूस तुझा पेशंट नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. त्याला वकील असला तर तीन क्यूएमईंच्या नावांच्या यादीतून, म्हणजे पॅनेलमधून, दोन्ही बाजू एकेक नाव खोडतात आणि उरतोस तू. म्हणजे तू कुणाचाच नाहीस. विमा कंपनीच्या ॲडजस्टरने, म्हणजे दावा हाताळणाऱ्या माणसाने, केसबद्दल सहज म्हणून फोन केला तरी बोलू नकोस. जे असेल ते लेखी, दोन्ही बाजूंना कळवून. औषध सुचवायला जीभ शिवशिवेल, तेव्हा ते रिपोर्टातल्या पुढील उपचारांच्या भागात लिही.

हाडा-स्नायूंच्या तपासणीत समोरासमोर किमान २० मिनिटं द्यावीच लागतात. तू त्यावर थांबू नकोस. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाची हकीकत दुभाष्यामार्फत ऐकताना निम्मा वेळ दुभाष्यातच जातो.

पैशांचंही सांगतो. १ एप्रिल २०२१ पासूनच्या दरपत्रकात पहिल्या तपासणीला २,०१५ डॉलर ठरले, आणि २०० पानांपुढे कागद वाचायचे पानामागे ३ डॉलर. मग मोह होतो, कागद दुसऱ्याने वाचावेत, रिपोर्ट तिसऱ्याने लिहावा, आपण सही करावी. खोटं निघालं तर शपथभंगाचा गुन्हा मान्य, असं म्हणून ती सही होते, आणि कुणी किती मदत केली हेही रिपोर्टात लिहावं लागतं. दहा ठिकाणी ऑफिस काढायची परवानगी आहे, तू दोनच काढ. रिपोर्ट ३० दिवसांत गेला नाही तर तुझ्या जागी दुसरं पॅनेल मागता येतं.

परीक्षेआधी एक सरावाचा रिपोर्ट लिहून मला पाठव, नावगाव काढून. मी फक्त वाटणीचा परिच्छेद वाचेन.

तुझा,
काका