स्लो कुकरमध्ये बीफ वातड का राहतं? आणि पोळी-भाताशिवाय ते खायचं कशासोबत?

प्रश्न: नोकरीसाठी डॅलसला आलोय. शुगर वाढल्यामुळे डॉक्टरांनी कार्ब कमी करायला सांगितलेत. बीफचा चक रोस्ट आणतो, तुकडे करून तीन कप पाण्यात, स्लो कुकरमध्ये हायवर चार तास ठेवतो. मांस वातड आणि रस्सा पाणचट. जास्त शिजत असेल म्हणून वेळ कमी करून पाहिला, तर आणखीच बिघडलं. काय चुकतंय? आणि रात्री सोबत पोळी-भात नाही तर खायचं काय?

उत्तर:

तुमचं मांस जास्त शिजत नाहीये, कमी शिजतंय. वेळ कमी केल्यावर ते आणखी बिघडलं, यातच सगळं आलं. चारचे तीन नका करू, लोवर आठ करा. आणि ते तीन कप पाणी आधी बंद करा.

चक म्हणजे जनावराचा खांदा. खांदा, छाती, गुडघ्याखालची नळी, शेपूट, गाल, हे सगळे दिवसभर राबणारे स्नायू. त्यांत कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे पांढरट पडदे आणि शिरा भरलेल्या असतात. मांस तापायला लागलं की पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे धागे आकसायला लागतात आणि पासष्ट-सत्तरपर्यंत त्यांतलं पाणी पिळून बाहेर येतं. कोलॅजन मात्र अजून जागचं हललेलं नसतं. ते सत्तरच्या पुढे रमतगमत आणि पंच्याऐंशी-नव्वदला बऱ्यापैकी वेगाने विरघळतं, त्याचं मऊ, जेलीसारखं जिलेटिन होतं. म्हणजे मधे एक असा टप्पा येतोच, जिथे पाणी निघून गेलंय आणि जिलेटिन अजून झालेलं नाही. तुम्ही नेमके त्याच टप्प्यावर झाकण उघडून जेवायला बसताय.

घड्याळ फार मनावर घेऊ नका, काटा हातात घ्या. सगळ्यांत जाड तुकड्यात खुपसून अर्धा फिरवायचा. धागे आपोआप सुटले तर झालं. तुकडाच काट्याला चिकटून वर आला, किंवा काटा फिरवताना रबरासारखा परत फिरला, तर झाकण लावून आणखी तासभर. थर्मामीटर असेल तर आत १९५ ते २०५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ९० ते ९६ सेल्सिअस यायला हवं. पाककृतींत दिसणारा १४५ फॅरनहाइटचा आकडा मांस खायला सुरक्षित झालं एवढंच सांगतो, मऊ झालं असं नाही. आणि दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघायची सवय सोडा. एकदा उघडलं की गेलेली वाफ परत भरायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

लो आणि हाय ही दोन्ही बटणं शेवटी जवळपास एकाच तापमानाला नेतात, उकळीच्या जरा खाली. हाय लवकर नेतं, लो सावकाश, एवढाच फरक. तीन पौंडांचा अख्खा चक लोवर आठ ते दहा तास घेतो, दोन-दोन इंचांचे तुकडे केले तर सात-आठ. हायवर पाच-सहा तासांतही होतं, पण सकाळी कामावर जाताना लावून संध्याकाळी यायचं असेल तर लोच बरं.

हे यंत्रही मुळात रात्रभराच्या स्वयंपाकासाठीच जन्मलंय. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कल्पना त्यांच्या लिथुआनियातल्या ज्यू आजोळची. सॅबथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस-कडधान्याचं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी ते खायचं. त्या पदार्थाचं नाव चोलंट. पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच यंत्र क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. जो पदार्थ रात्रभर भट्टीत राहायचा, त्याला आपण चार तास देतो.

आता पाणी. आपला हात रश्श्याला सरावलेला, त्यामुळे मांस बुडेल एवढं पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही. गॅसवरच्या पातेल्यात ते ठीक आहे, तिथे वाफ उडून जाते. स्लो कुकरमध्ये झाकणाला लागलेली वाफ परत आतच टपकते. शिवाय मांसाचं स्वतःचं पाणी सुटतं, कच्च्या वजनाच्या चौथा-तिसरा हिस्सा. तीन पौंडांना अर्धा कप पाणी पुष्कळ झालं. सुरुवातीला तळ कोरडा वाटेल, वाटू दे. दोन-तीन तासांनी तुकडे अर्धे रसात असतील.

मांस घेताना "स्ट्यू मीट" लिहिलेलं तयार तुकड्यांचं पाकीट घेऊ नका. त्यात कुठलेकुठले उरलेले तुकडे एकत्र असतात, काही सहा तासांत विरघळतात, काही दहा तासांतही तसेच. अख्खा चक घ्या, आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतील असा, आणि घरी कापा. नळी, म्हणजे इथली शँक, मिळाली तर डोळे मिटून घ्या. आत मज्जा असते आणि रस्सा गार झाल्यावर पायाच्या सुपासारखा थरथरतो. एकच भाग टाळा: राउंड, म्हणजे मागची मांडी, त्यातही आय ऑफ राउंड. दिसायला देखणा, एकसंध, लाल. पण त्यात चरबी अगदीच कमी, त्यामुळे आठ तासांनी हाती लाकडाचा भुसा येतो. ऑक्सटेल (शेपूट) आणि शॉर्ट रिब (बरगडी) उत्तमच, पण गरिबाचं मांस म्हणून त्यांची ख्याती होती ते दिवस गेले, आता भाव विचारूनच घ्या.

माझं माहेर वसईचं. आमच्याकडे रविवारी मिस्साहून आल्यावर बीफ ठरलेलंच असे, आणि इथे न्यू जर्सीत मी ते असं करते:

आदल्या रात्री तीन पौंड चकचे मोठे तुकडे करून मीठ लावायचं, पौंडाला चहाचा पाऊण चमचा. सोबत हळद आणि आलं-लसणाचं वाटण. कच्ची पपई वगैरे लावू नका. पटकन भाजायच्या मांसाला ती उपयोगी, इतक्या तासांच्या शिजण्यात वरचा थर लगदा होतो आणि आत काहीच फरक पडत नाही. सकाळी तुकडे कागदी रुमालाने खरंच कोरडे करायचे, जाड तवा चांगला तापवायचा आणि थोडे थोडे तुकडे घालून दोन्ही बाजूंनी गडद तपकिरी होईपर्यंत हात न लावता ठेवायचे. एकदम सगळे घातले तर पाणी सुटून ते उकडले जातात. भाजल्यामुळे "रस आत कोंडला जातो" असं जे म्हणतात ते खरं नाही, रस जायचा तेवढा जातोच. भाजायचं ते खमंगपणासाठी, कारण कुकरच्या ओल्या वाफेत तो रंग आणि वास कधीच येणार नाही.

त्याच तव्यात एक मोठा कांदा उभा चिरून तांबूस करायचा, त्यावर किसलेलं अर्धा वाटी सुकं खोबरं, पाच-सहा लवंगा, दालचिनी, मिरी. खोबरं करपू द्यायचं नाही, एकदा कडू झालं की सगळा डाव गेला. अर्धा कप पाणी घालून तव्याला चिकटलेलं सगळं खरवडायचं आणि त्याच पाण्यात वाटण वाटायचं. कुकरच्या तळाला एक टोमॅटो, वर मांस, वर वाटण आणि दोन चमचे बॉटल मसाला. बॉटल मसाला आमच्या भागातला, पूर्वी बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरून वर्षभर ठेवायचे. त्यात भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळही असते, पण दोन चमच्यांत त्याचं ओझं नगण्य. तो नसेल तर कांदा-लसूण मसाला घाला, मालवणी घाला, काही अडत नाही. झाकण लावून लोवर ठेवायचं. वाढायच्या आधी एक चमचा व्हिनेगर. हे विसरू नका, एवढ्या चरबीला आंबट हवंच.

कार्बच्या हिशेबात आपला रस्सा इथल्या पॉट रोस्टपेक्षा सरस ठरतो, तो या वाटणामुळे. अमेरिकन पद्धतीत दाटपणा मैद्याने किंवा कॉर्नस्टार्चने येतो, शिवाय आत बटाटे आणि गाजरं. इंटरनेटवर लो-कार्बवाल्यांचा लाडका मिसिसिपी रोस्ट आहे ना, त्यातल्या मसाल्याच्या पाकिटांतही बहुतेक वेळा कॉर्नस्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (तेही कार्बच) असतं, मागची यादी वाचून घ्या. आपला दाटपणा खोबरं-कांद्याचा आणि जिलेटिनचा. मांसात कार्ब जवळपास शून्य. वरचा कांदा, लसूण, टोमॅटो, खोबरं सगळं मोजून सहा जणांत वाटलं तर एका ताटाला आठेक ग्रॅम येतात. एक कप शिजलेल्या भातात ४५ असतात. तुमच्या भागात पाकिस्तानी हॉटेलं पुष्कळ आहेत, तिथली निहारी हीच रात्रभर शिजलेली नळी. पण तिचा रस्सा पिठाने दाटवलेला असतो. हलीममध्ये तर गहू आणि डाळी मुद्दाम घोटलेल्या असतात.

एवढं करूनही रस्सा पातळच वाटला तर मांस बाजूला काढा आणि रस्सा रुंद कढईत मोठ्या आचेवर दहा मिनिटं आटवा. पीठ लावू नका.

बटाट्याच्या जागी पांढरा मुळा घाला, दुकानात डायकॉन म्हणून जो जाडजूड मिळतो तो. मोठे तुकडे करून शेवटच्या अडीच-तीन तासांसाठी. त्याचा उग्र वास निघून जातो आणि तो रस्सा पिऊन बसतो. माझ्या घरी बटाट्याची आठवण कोणी काढत नाही. सलगमही चालतं.

सोबत कोबी. बारीक चिरून मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीवर, झाकण न ठेवता, कचकचीत राहील इतकाच परतायचा. फ्लॉवरचा "भात" करायचा असेल तर किसून, पिळून, रुंद तव्यावर कोरडा होईपर्यंत परता. झाकलात की खिमट झालंच. काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. पालेभाजी कुठलीही. बदामाच्या पिठाच्या पोळ्यांच्या नादी लागू नका असं माझं मत. महाग पडतात, तुटतात, आणि खाताना खऱ्या पोळीची आठवण जास्त येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्या लोकांत हा समज पक्का आहे: ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी "चालते". फायबरसाठी, पोट भरण्यासाठी ती चांगलीच. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सत्तर ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, गव्हासारखेच. अर्धी भाकरी खायची असेल तर खा, फक्त ती हिशेबात धरा.

घाई असेल तर इन्स्टंट पॉट किंवा इथे आणलेला आपला शिट्टीचा कुकर आहेच. आत तापमान ११५-१२० अंशांवर जातं, त्यामुळे तेच कोलॅजन चाळीस-पन्नास मिनिटांत विरघळतं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून सोडलीत तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस कोरडं पडतं. चव मात्र सावकाश केल्याची वेगळी.

हे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे २०१५ पासून बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे दुकानात मिळतं ते म्हशीचं. ते आणखी कोरडं असतं. पद्धत हीच, फक्त दोन चमचे तेल किंवा तूप जास्त, आणि नळीचा तुकडा सोबत मागून घ्या.

हे जेवण रोजचं करू नका. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला लाल मांस आठवड्याला, शिजलेलं वजन धरून, ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंत ठेवण्याचा आहे. मधे मासे, अंडी, कोंबडी येऊ द्या. रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की वर चरबीचा पांढरा थर गोठतो, तो चमच्याने अख्खा उचलता येतो. हवा तेवढा काढा. मी त्यातलाच चमचाभर कोबीला वापरते.

तुम्ही गोळ्यांचं लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि कार्ब एकदम कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्यांवर फारच कमी कार्ब खाल्ले तर रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. डोस बदलायचा का हे डॉक्टरांना आधी विचारा, मग भात सोडा. किडनीचा किंवा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर मांसाचं प्रमाणही त्यांनाच ठरवू दे.

राहिलं रात्रीच्या तयारीचं. मीठ लावलेलं मांस फ्रिजमध्ये वेगळ्या भांड्यात ठेवा, कुकरच्या चिनीमातीच्या भांड्यात नको. ते भांडं गारठलेलं असताना तापायला घातलं तर तडकू शकतं, आणि तापायला वेळही फार लागतो. गोठलेलं मांसही तसंच्या तसं टाकायचं नाही, आधी पूर्ण सुटू द्या. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी डब्याला न्यायचं असेल तर मांस काट्याने मोकळं करून तव्यावर त्याच्याच चरबीत सुकं परता, वर कच्चा कांदा नाममात्र आणि लिंबू.