अवघड पीस घेतला नाही तर सिलेक्शन होणारच नाही?

म्युझिक स्कूलच्या ऑडिशन जवळ आल्या की एकच काळजी वेगवेगळ्या मुलांकडून ऐकते, "मॅडम, सोपा पीस घेतला तर पॅनेलला वाटेल मला काही येतच नाही." जॅझ पियानोवाल्यांमध्ये तर फारच. त्यातल्या एकाबद्दल सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

त्याने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं जायंट स्टेप्स निवडलं होतं, भराभर कॉर्ड बदलणारी अवघड ट्यून. झोप उडालेली, पियानोवर बसलं की हात गार.

"ऑडिशन डोक्यात नसते तेव्हा काय वाजवतोस?"

"थेलोनियस मंकचं ब्लू मंक. पण तो बारा बारचा साधा ब्लूज आहे हो, सगळेच वाजवतात."

"मग जायंट स्टेप्सच का?"

"ते नाही वाजवलं तर मी सिरियस वाटणारच नाही."

म्हणजे त्रास त्या ट्यूनचा नव्हताच, त्याने स्वतःला घातलेल्या अटीचा होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची, नुसता धीर देण्यापेक्षा अशी अट पुराव्यावर तपासायला लावते. म्हटलं, 1959 चं मूळ रेकॉर्डिंग काढ आणि फक्त पियानो सोलो ऐक. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानिस्ट तिथे अडखळतो, सोलो तुटक होत जातो, आणि त्यानेच 1982 मध्ये ती ट्यून परत घेऊन त्याच नावाचा स्वतःचा अल्बम केला. "मग 1959 मध्ये तो सिरियस नव्हता का?" पोरगा गप्प.

पुढच्या वेळी दोन्ही ट्यून फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितल्या. जायंट स्टेप्समध्ये डावा हात कॉर्डमागे धावतोय, उजवा पाठ केलेले तुकडे जोडतोय. ब्लू मंकच्या तिसऱ्या कोरसला, म्हणजे ट्यूनच्या तिसऱ्या फेरीला, मात्र त्याने दोन बार चक्क रिकामे सोडले आणि मग हेडचाच, म्हणजे मूळ चालीचाच, एक तुकडा उलटा करून आणला. तिथे तो स्वतःच थांबला, परत लावून ऐकलं, म्हणाला, "इथे मला पुढची कॉर्ड आठवायलाच लागली नाही."

मला तेव्हाच कळलं की काम झालं. कॉन्फिडन्स आधी गोळा करून मग पीस निवडायचा असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा नीट निवडलेला पीसच तो देतो. "ऑडिशन नसताना काय वाजवतोस" हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते.

त्याने ब्लू मंक ठेवलं, बॅलड म्हणून बॉडी अँड सोल घेतलं कारण टच आणि व्हॉइसिंग (कॉर्डमधले सूर कसे मांडतो ते) संथ लयीतच उघडे पडतात, आणि तिसरी एक बॉसा नोव्हा, ब्राझिलियन लयीची ट्यून.

तुम्हीही आधी स्कूलची रिक्वायरमेंट शब्दन् शब्द वाचा, बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या लयीचे, मूडचे पीस मागतात. हेड गाऊन दाखवता येतं का, पुस्तक बंद करून फॉर्म (ट्यूनची रचना) सुटत नाही ना, झोप नीट न झालेल्या दिवशीही सोलो उभा राहतो का, हे बघा. तिथे बेस-ड्रम्स असतील तर दुसऱ्याच्या सोलोमागे कॉम्पिंगही, म्हणजे कॉर्डची साथही, करायला लागू शकतं, त्याची तयारी वेगळी. टेम्पो स्वतः मोजून द्यायची सवय करा, घाबरल्यावर तो हमखास पळतो. आणि शेवटच्या दोन आठवड्यांत कुणी काहीही म्हणो, पीस बदलू नका.