पावसाळ्यात लेअर फार्मवर माश्या आवरत नाहीत, कोणतं औषध मारावं?

मुरबाडच्या बाजूला सहा हजार पक्षी, पाऊस सुरू झाला की माश्यांचे थवे, आणि आता वाडीतली मंडळी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आलीत, असं तुम्ही लिहिलंय. आमचा फार्मही ठाणे जिल्ह्यातच, कल्याण-मुरबाड रस्त्यापासून जरा आत. साडेसात हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, उंचावरचे पिंजरे, खाली जमिनीवर खत. पहिली दोन वर्षं मीही दुकानात जाऊन ‘औषध कोणतं?’ एवढंच विचारायचो.

औषधाचं नंतर. आज रात्री शेडमधले दिवे बंद झाले की बॅटरी घेऊन पिंजऱ्यांखाली जा आणि नुसतं ऐका. कोंबड्या गप्प झाल्या की टप-टप ऐकू येतं. आवाज येईल तिथे खांबावर खडूने खूण करा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच ओळीत 11 निपल, म्हणजे कोंबड्या चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्या, गळत होते. त्यांच्याखाली खताचा ढीग उभा राहिलाच नव्हता, पातळ शेणासारखा पसरला होता. काठीने वरची साय बाजूला केली तर खाली शिजलेल्या भातासारखं पांढरं, आणि तो भात वळवळतोय. तिथून दोन फुटांवर गळती नव्हती. तिथला ढीग शंकूसारखा, कोरडा. उकरून पाहिला, एक अळी नाही.

हे पाहिल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. लेअर कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे तुमच्याकडे रोज सहा-सातशे किलो, आणि त्यात तीन चतुर्थांश पाणीच. ते पाणी उडून ओल 30 टक्क्यांच्या आसपास आली की माशीची पैदास थांबते. आपल्याकडच्या दमट उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, तेही आयुष्यात चार-पाच वेळा. उडणारी माशी मारून काय होणार? ती आपलं काम उरकून बसलेली असते.

तेव्हा आधी पाणी. निपलमध्ये कचरा अडकतो, टाकी फार उंच असली तर दाब जास्त होऊन गळतं. पत्र्याच्या पागोळ्या आत येत असतील तर पत्रा दोन-अडीच फूट पुढे काढा, बाहेरून चर खणा. शेडभोवतीचं गवत कापा, वारा खालून खेळला पाहिजे. आणि विष्ठाच पातळ पडत असेल तर फीडमधलं मीठ तपासून घ्या. आमच्याकडे एकदा सुकटीचा खारट लॉट आला होता, आठवडाभर सगळ्या शेडखाली चिखल!

आता माझी चूक ऐका. एका जुलैत वैतागून मी खतावरच कीटकनाशक फवारलं. दोन दिवस शांतता, दहाव्या दिवशी आधीपेक्षा जास्त माश्या. जुन्या खतात बारीक काळे चकचकीत भुंगेरे असतात, कोळीकिडे असतात. ते माशीची अंडी आणि अळ्या खातात. मी तेच मारले होते. त्याच कारणाने भर पावसात सगळं खत एकदम उपसू नका. काढायचंच झालं तर एक ओळ आज, दुसरी तीन आठवड्यांनी, आणि तळाचा सहा-आठ इंचांचा कोरडा थर राहू द्या. ते आपलं विरजण.

मोठा उपसा एप्रिल-मेमध्येच करा. तेव्हा भातवाले नांगरणीआधी शेतात टाकायला खत नेतात. एकदा लावणी लागली की दिवाळीनंतर भेंडीवाले येईपर्यंत कोणी फुकटही नेत नाही. पावसात निघालेलं ओलं खत शेडपासून लांब, छपराखाली, भाताचं तूस किंवा पेंढा मिसळून रचा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. ढीग आतून 55 अंशांवर तापतो, त्यात अळी टिकत नाही. फक्त आठवड्याला वरखाली करा, कारण कडेला तो थंडच राहतो. मेलेला पक्षी मात्र त्याच दिवशी पुरा. शेडमागे फेकलात तर हे सगळं पाण्यात.

एवढं करूनही जुलै-ऑगस्टमध्ये गरज पडते. तेव्हा सायरोमाझिनचं 1 टक्केवालं प्रिमिक्स, टनाला 500 ग्रॅम, फीडमध्ये. पशुवैद्यांना विचारून, 4 ते 6 आठवडे, मग बंद. ते विष्ठेतून उतरून अळीला वाढू देत नाही, उडत्या माशीला काही करत नाही. वर्षभर चालू ठेवलंत तर अळ्या त्याला दाद देईनाशा होतात. उडत्या माश्यांसाठी गोड आमिषाचे दाणे, तेही ताटलीत, पक्ष्यांपासून आणि खतापासून लांब.

वाडीच्या लोकांचं म्हणाल तर अर्जाला उत्तर लिहीत बसू नका. शेडच्या खांबांना पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे टांगा. माशी बसते तिथे तपकिरी ठिपका सोडते. आठवड्याने ठिपके मोजा, पुठ्ठ्यावर तारीख घाला. 50 च्या वर गेले की कुठेतरी ओल आहे समजून पुन्हा बॅटरी घ्यायची. आमच्याकडे तक्रार घेऊन सरपंच आले तेव्हा मी त्यांच्यासमोर असे नऊ आठवड्यांचे पुठ्ठे ओळीने मांडले. त्यांनी चष्मा काढून एकेक पाहिला, मग चहा घेतला आणि जाताना दोन ट्रॉली खताचं बुकिंग करून गेले.