मल्टिपल मायलोमाचे निदान झाल्यावर आशा ठेवता येते का?

वडिलांना मल्टिपल मायलोमा झाल्याचे कळल्यावर काही उपाय उरला आहे का, असे आपण विचारले आहे. उपाय निश्चित आहेत. अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतल्या मऊ भागातील) प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, हा कर्करोग सहसा पूर्ण बरा होत नाही, परंतु २००३ मध्ये अमेरिकेत बोर्टेझोमिब या औषधाला मान्यता मिळाल्यानंतर लेनालिडोमाइड, डाराटुमुमॅब यांसारखी औषधे येत गेली आणि अनेकांचा आजार वर्षानुवर्षे आटोक्यात राहू लागला. सुरुवातीला तीन-चार औषधे एकत्र देतात. प्रकृती साथ देत असेल तर पुढे रुग्णाच्याच मूळपेशींचे (नव्या रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींचे) प्रत्यारोपण करतात. आजार उलटला तरी कार-टी पेशी उपचारासारखे (रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगाविरुद्ध वापरण्यासारखे) मार्ग आहेत. मायलोमाचा अनुभव असलेल्या रक्तविकारतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे आणि, मूत्रपिंडांना अपाय होऊ शकत असल्याने, वेदनाशामक गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत.