चिनी औषधी वनस्पतींमधून नवीन औषध शोधायचं असेल तर डॉकिंग (रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघणं) करून सुरुवात केली तर चालेल का?

प्रश्न वाचून डोकं तापलं, म्हणून हातातलं काम सोडून लिहितेय. विचारणाऱ्यांनी खाली लिहिलंय की टीसीएमएसपी या चिनी औषधी वनस्पतींच्या डेटाबेसमधून कंपाउंड काढायचे, नेटवर्क फार्माकोलॉजी (कुठला रेणू कुठल्या प्रोटीनवर काम करेल याचं जाळं मांडणं) करायची, डॉकिंग करायचं, पीएचडीची सुरुवात म्हणून एवढं पुरेल ना. नाही पुरणार. त्यातून पेपर निघेल, औषध नाही.

ओरल बायोअव्हेलेबिलिटी (तोंडाने घेतलेलं रक्तात किती पोचतं) किमान 30 टक्के, ड्रग-लाइकनेस (रेणू औषधासारखा किती) किमान 0.18, हा ठरलेला फिल्टर लावा आणि कुठलंही झाड टाका, बहुतेक वेळा तीच मंडळी बाहेर येतात : क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, ल्युटिओलिन, बीटा-सिटोस्टेरॉल. टार्गेट, म्हणजे ज्या प्रोटीनवर औषध काम करणार, तेही तेच, एकेटी-वन, टीएनएफ, आयएल-सिक्स. क्वेर्सेटिन कांद्यात भरपूर असतं, त्यासाठी चीनच्या युनान प्रांतात कशाला जायचं, लासलगाव जवळ आहे.

मी पोस्टडॉक त्याच युनानमधल्या कुनमिंगला केलं. लॅबमधल्या सीनियर मुलाला तिथे शिश्युंग म्हणतात, आपण दादा म्हणतो तसं. आमचे शिश्युंग हुशार, पण स्क्रीनसमोरून उठायचे नाहीत. आमच्याकडे हू झांग या चिनी औषधी वनस्पतीच्या मुळावर काम चालू होतं. अर्क तपकिरी-पिवळा, हाताला लागला की दोन दिवस जात नाही. एका एन्झाइमवर टाकला तर एन्झाइम जवळजवळ पूर्ण बंद. सगळे खूश. शिश्युंगनी त्याआधीच त्या मुळातलं रेस्व्हेराट्रॉल आणि इमोडिन डॉक करून ठेवलेलं, हिरव्या प्रोटीनच्या खोबणीत पिवळा रेणू बसलाय असं झकास चित्र, बाइंडिंग एनर्जीचा (रेणू किती घट्ट बसतो त्याचा) आकडाही मस्त. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मला ते पटेना. या मुळात टॅनिन खच्चून असतं आणि टॅनिन दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं. शिवाय असे कितीतरी रेणू पाण्यात गोळा होऊन बसतात, एन्झाइम त्या गोळ्याला चिकटून मरतं आणि आपल्याला वाटतं इनहिबिटर (एन्झाइम बंद पाडणारा रेणू) सापडला. म्हणून मी बफरमध्ये 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 हे डिटर्जंट घातलं, त्याने असे गोळे फुटतात, आणि प्रयोगाची प्लेट परत लावली. इनहिबिशन जवळपास गायब! मग अर्क पॉलिअमाइडच्या कॉलममधून काढला, टॅनिन वर अडकलं, खाली जे उतरलं त्यात काही दम नव्हता. शिश्युंग म्हणाले, तू साबण घातलास, साबणानेच प्रयोग बिघडला. अहो, पण नुसतं ट्रायटन घातलेल्या कंट्रोलच्या खान्यांमध्ये एन्झाइम धडधडीत चालू होतं, ते बघा ना आधी! नाही बघितलं. बॉस म्हणाले दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. पेपर ट्रायटनच्या डेटाशिवाय गेला, मी माझं नाव काढायला लावलं. त्यावरून बरंच ऐकून घेतलं, अजूनही वाटतं बरोबर केलं.

आता लोक लगेच मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं उदाहरण देतात, ग्रंथातून औषध मिळालं म्हणून. मिळालं, पण कसं ते बघा. 1967 मध्ये चीनने मलेरियासाठी प्रोजेक्ट 523 सुरू केला, यूयू तू या चिनी संशोधक बाई त्यात 1969 ला आल्या. त्यांच्या गटाने दोन हजारांवर नुस्खे गोळा केले, त्यातून पुढे सुमारे 200 वनस्पतींचे 380 च्या वर अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओ, म्हणजे आर्टेमिसिनिन ज्यातून मिळालं ती वनस्पती, तिचा निकाल एकदा चांगला यायचा, एकदा पडायचा. मग बाईंनी चौथ्या शतकातल्या ग होंग या चिनी वैद्याच्या पुस्तकात वाचलं की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. उकळायचं कुठेच म्हटलेलं नाही. त्यांनी इथरने कमी तापमानाला अर्क काढला, विषारी आम्लयुक्त भाग वेगळा केला, आणि ऑक्टोबर 1971 मध्ये 191 नंबरच्या नमुन्याने उंदरातले मलेरियाचे परजीवी शंभर टक्के मारले. ग्रंथाने दिशा दिली, पण उंदीर नसते तर 191 नंबर कपाटातच राहिला असता. त्यात भर म्हणजे छिंगहाओ नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या जातीत आर्टेमिसिनिन नसतंच. झाड नक्की कुठलं, हे डॉकिंग कसं सांगणार?

आणि ग्रंथ न उघडताही सापडतं. शी शू नावाच्या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य काढलं अमेरिकेत, मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, 1966 मध्ये. वाणी आपल्या नंदुरबारचे, हे किती मराठी लोकांना माहीत आहे कोण जाणे. पाण्यात विरघळेना म्हणून सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं, मूत्राशयाला इजा झाली, ट्रायल बंद. ते टोपोआयसोमरेज-वन या एन्झाइमवर काम करतं हे 1985 ला कळलं, आणि त्यापासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मंजूर झाली 1996 ला. तीस वर्षं. तोच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, त्यापायी कोल्हापूरकडच्या जंगलात त्याची चोरटी तोड झाली ते वेगळंच दुखणं.

तुमचा प्रश्न राहिलाच. सुरुवात अ‍ॅसेपासून करा. म्हणजे खरा परिणाम मोजणाऱ्या प्रयोगापासून. आधी अर्क, मग फ्रॅक्शन (अर्काचे वेगळे केलेले भाग), प्रत्येक फ्रॅक्शन परत अ‍ॅसेवर, आणि एलसी-एमएस (आत कुठले रेणू आहेत ते ओळखायची चाचणी) लवकर करा, नाहीतर वर्षभर कॉलम घालून शेवटी हातात आधीपासून माहीत असलेलं बर्बेरिन येतं. नमुना चीनमधून आणणार असाल तर परवानग्यांचं आधी बघा. आणि नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असं धरून स्वतःवर काही करू नका, अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडवाल्या चिनी औषधांनी बेल्जियममध्ये वजन कमी करायला गेलेल्या बायकांच्या किडन्या गेल्या होत्या.

डॉकिंग अगदीच टाकाऊ आहे असं नाही हं. शुद्ध कंपाउंड हातात असेल, अ‍ॅक्टिव्हिटी पक्की असेल, प्रोटीनचं स्ट्रक्चर चांगलं असेल तर पुढे काय बदल करायचे ते ठरवायला मीही वापरते. पण पीएचडीच्या इंटरव्ह्यूला जाल तेव्हा गाइडला एवढं विचाराच, की सर, तुमच्या अ‍ॅसेमध्ये डिटर्जंट असतं का. "कशाला?" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा, दुसरी लॅब बघा. आणि तिथे कुनमिंगचे एखादे शिश्युंग बसलेले दिसले तर त्यांना माझ्यातर्फे कंट्रोलचे खाने दाखवा.