उत्तर नको, शोधाची वाट तपासा
विद्यार्थ्यांना ग्रंथालयात पुस्तक शोधता येतं का, याची पहिल्यांदाच चाचणी काढताय, तर ‘ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची) म्हणजे काय’ छाप प्रश्न आधी वगळा. व्याख्या पाठ करणारे पैकीच्या पैकी गुण घेतात आणि कपाटासमोर गोंधळतात. प्रत्येकाला वेगळा विषय द्या, शोधाची नोंद मागा: कोणता शब्द टाकला, किती नोंदी आल्या, मग काय बदललं. गुण या नोंदीला.

जुन्या सूचीत, कार्डांच्या कप्प्यात, शीर्षकाचा पहिला शब्द आठवला नाही की अडायचं. शेजारची कार्डं मात्र आपोआप दिसायची. संगणकावर मधला शब्दही चालतो, पण एक अक्षर चुकलं की अनेकदा शून्य नोंदी, आणि विद्यार्थी ठामपणे सांगतो, ‘पुस्तकच नाही.’ म्हणून एका प्रश्नात लेखकाचं नाव मुद्दाम चुकवून द्या. (मी दिलं तेव्हा बरेच जण तिथेच थांबले. चिडलेही.) दोन शब्दांमध्ये ‘अँड’च्या (दोन्ही हवेत) जागी ‘ऑर’ (कोणताही एक चालेल) घातल्यावर निकाल का वाढले, हेही विचारा.

एवढ्यावर चाचणी संपवू नका. पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूईची १८७६ सालची दशांश पद्धत सुधारत गेली, तरी बऱ्याच ग्रंथालयांच्या कपाटात मुळात तीच आहे. पुस्तक हातात आणायला लावा. ५१२.४६ हे ५१२.५ च्या आधी येतं, इथे हुशार मुलंही हमखास चुकतात.